सोमवारीच ‘सर्व्हर डाउन’ का? सरकारी कार्यालयातला जुना संगणक, अडवलेलं इंटरनेट आणि त्यावरचे उपाय

आमच्या तालुक्याच्या गावी सोमवारी बाजार भरतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं बाजाराला येतात आणि त्याच फेरीत कचेरीतलं कामही उरकून घेतात. निराधार योजनेच्या कागदांसाठी एक आजी अशाच लागोपाठ तीन सोमवार आमच्या खिडकीशी आल्या. तिन्ही वेळा खिडकीत तोच पुठ्ठा टांगलेला होता: ‘सर्व्हर डाउन आहे’. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, “बाळा, मंगळवारी चालू असतं म्हणत्यात. मग सोमवारीच कसं बिघडतं?”

त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीच्या संगणकापुढे बसलो आणि उत्तर मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलमध्ये सापडलं. पोर्टलचा सर्व्हर तिन्ही सोमवारी व्यवस्थित चालू होता. आजींच्या तीन फेऱ्या, अर्ध्या तिकिटात का होईना पण एसटीचं भाडं, आणि बाजाराच्या दिवशी बुडालेला वेळ, हे सगळं त्या सेलपायी गेलं होतं.

मी लिपिक आहे, संगणक अभियंता नाही. पण बारा वर्षं अशा यंत्रांवर काम केल्यावर एक गोष्ट लक्षात आली आहे. ज्याला आपण सरसकट ‘सर्व्हर डाउन’ म्हणतो त्यात चार-पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. प्रत्येकाची वेळ वेगळी, खूण वेगळी आणि दुरुस्त करणारा माणूसही वेगळा. बिघाड कधी होतो हे नीट पाहिलं, तर तो कुठे आहे हे निम्मं कळतं. आजींनी तेवढंच केलं होतं.

आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

याला दोन मिनिटं लागतात. स्वतःच्या फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर पोर्टलचं फक्त पहिलं पान उघडून पाहा. लॉगिन करू नका, पान उघडतं का एवढंच बघायचं आहे. तिथेही उघडलं नाही तर सर्व्हर खरोखरच बंद असण्याची शक्यता मोठी, थांबण्याशिवाय इलाज नाही. फोनवर उघडलं तर शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर पाहा. तिथे उघडलं तर दोष तुमच्या यंत्रात आहे. कार्यालयातल्या कुठल्याच यंत्रावर उघडत नसेल तर नेटवर्कमध्ये किंवा त्यावरच्या, साइट अडवणाऱ्या फिल्टरमध्ये आहे.

पडद्यावर काय लिहून आलंय तेही वाचा. आपल्याकडे लाल त्रिकोण दिसला की सगळे थेट ‘रिफ्रेश’ मारतात. पण ‘तुमचे घड्याळ मागे आहे’, ‘पत्ता सापडत नाही’, ‘प्रॉक्सी सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ आणि ‘ही साइट धोरणानुसार बंद आहे’ ही चार वाक्यं चार वेगळ्या दारांकडे बोट दाखवतात. फोनने त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पुढे पत्राला जोडायला लागतो. नागरिकाचं नाव किंवा आधार क्रमांक त्यात येणार नाही एवढं बघा.

सोमवारचा बिघाड: घड्याळ

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. आमचा शिपाई संध्याकाळी सव्वासहाला मेन स्विच खाली करून जातो. ते बरोबरच आहे, जुन्या वायरिंगच्या इमारतीत वीज चालू ठेवून जाणं धोक्याचं. पण त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहा ते सोमवारी सकाळी पावणेदहा, म्हणजे साडेत्रेसष्ट तास, संगणकाला वीज मिळत नाही. तेवढा वेळ त्याचं घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ नावाच्या तीन व्होल्टच्या सेलवर चालतं. हा सेल काही वर्षांत दमतो. पूर्ण मेला तर रोज सकाळी तारीख चुकते आणि कुणाच्या तरी ध्यानात येतं. अर्धवट दमलेला सेल मात्र एक रात्र निभावून नेतो आणि जोडून सुट्ट्या आल्या की कोसळतो. म्हणून सोमवार. म्हणून दिवाळीनंतरचा पहिला दिवस.

तारीख चुकल्यावर पोर्टल का उघडत नाही? प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. आमचं यंत्र त्या सोमवारी १ जानेवारी २०१२ दाखवत होतं. त्याच्या लेखी पोर्टलचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून ब्राउझरने दार लावून घेतलं. तिन्ही सोमवारी ऑपरेटरने लाल पान पाहिलं, पुठ्ठा टांगला आणि जिल्ह्याला फोन केला. दुपारी कुणीतरी हाताने तारीख बदलली, सगळं सुरू झालं आणि ‘सर्व्हर आला’ अशी सगळ्यांची समजूत झाली. बिघाड दुरुस्त होत नव्हता, पुढच्या सोमवारपर्यंत झाकला जात होता.

इथे एक प्रश्न हमखास येतो: विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप का लावून घेत नाही? कारण डोमेनला (कार्यालयाच्या मध्यवर्ती संगणक-व्यवस्थेला) न जोडलेल्या संगणकावर विंडोजची वेळ-सेवा पंधरा तासांपर्यंतचाच फरक स्वतःहून दुरुस्त करते. फरक त्याहून मोठा असेल तर काहीतरी घोटाळा आहे असं समजून ती हात लावत नाही. तारीख बारा-तेरा वर्षं मागे गेल्यावर ती मदतीला येणारच नाही. आधी तारीख आणि वेळ हाताने बरोबर करायची, मग ‘आत्ता अद्ययावत करा’ दाबायचं, हा क्रम लक्षात ठेवा.

तरीही वेळ जुळली नाही तर कार्यालयाच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याने, वेळेची वाट अडवलेली असू शकते. वेळेची माहिती यूडीपी १२३ या पोर्टवरून येते आणि पुष्कळ ठिकाणी तो बंद असतो. यावर बोलायला तुमच्याकडे भक्कम आधार आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत संगणक यंत्रणांची घड्याळं एनआयसी (सरकारची संगणक-सेवा देणारी संस्था) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जोडायला सांगितलं आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना एवढंच विचारा, “आमच्या यंत्रांनी कुठल्या वेळ-सर्व्हरकडे बघायचं?” एक पत्ता मिळेल, तो एकदा भरला की झालं.

याच घड्याळाचा दुसरा रोग जास्त लबाड आहे. विंडोज नव्याने टाकताना कालक्षेत्र अमेरिकेचं राहून जातं. मग कुणीतरी घड्याळाचे आकडे हाताने भारताप्रमाणे करतं. कोपऱ्यात वेळ बरोबर दिसते, पण आतल्या हिशेबात यंत्र साडेबारा-साडेतेरा तास पुढे असतं. साइट उघडतात, लॉगिन होतं, आणि नेमकी डिजिटल सही किंवा वेळेवर चालणारा पडताळणी-कोड नाकारला जातो. म्हणून आकडे बघून थांबू नका. कालक्षेत्रात ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ आहे का ते पाहा.

सेल बदलायला पाच मिनिटं लागतात आणि तो घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. पण यंत्र एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) असेल तर डबा स्वतः उघडू नका. तक्रार नोंदवा, अभियंत्याकडून बदलून घ्या आणि सेल बदलल्याची तारीख डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा. आम्ही एका दुपारी नऊ यंत्रांचे सेल बदलून घेतले. आजींचं काम चौथ्या सोमवारी सकाळी साडेदहाला झालं.

सार्वजनिक साइटच्या प्रमाणपत्रांचं आयुष्यही आता झपाट्याने कमी होत चाललं आहे. सप्टेंबर २०२० पासून ते जास्तीत जास्त ३९८ दिवस होतं. मार्च २०२६ पासून ते २०० दिवसांवर, मार्च २०२७ पासून १०० दिवसांवर आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येईल असं ठरलं आहे. महिनाभर मागे पडलेलं घड्याळ पूर्वी खपून जायचं, आता पुष्कळदा खपणार नाही.

महिन्यातून एकदा येणारा बिघाड: जुनं पोर्टल, नवा ब्राउझर

पगारबिलं करायचे दिवस जवळ आले की एक पोर्टल रुसायचं. बटणं दिसायची, पण दाबली तर काहीच व्हायचं नाही. बिल उपकोषागारात वेळेत पोहोचलं नाही तर एक तारखेला पगार नाही, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. मागच्या महिन्यात हेच यंत्र, हाच ब्राउझर, हेच पोर्टल चाललेलं असायचं.

कारण असं निघालं. ते पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात बांधलेलं. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्सप्लोररचा आधार थांबवला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एज ब्राउझरच्या अपडेटमधून तो बंदच करून टाकला. जुन्या साइटसाठी एजमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ ठेवला, तो किमान २०२९ पर्यंत राहील असं कंपनीने सांगितलं आहे. एजच्या सेटिंगमधल्या ‘डीफॉल्ट ब्राउझर’ या पानावर त्या साइटचा पत्ता यादीत घातला की पोर्टल पूर्वीसारखं चालतं.

पण अशी हाताने घातलेली नोंद ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते. सेटिंगच्या त्याच पानावर नोंदीसमोर ‘कालबाह्य होण्याची तारीख’ दिलेली असते, कुणी ती वाचत नाही. आम्ही एका महिन्याच्या बिलाच्या गडबडीत नोंद घालायचो, तीस दिवस पुरे व्हायचे आणि पुढच्या बिलाच्या वेळी ती गेलेली असायची. दर महिन्याला तोच गोंधळ आणि दर महिन्याला त्याच सर्व्हरला बोल.

तात्पुरता उपाय म्हणजे बिलाचं काम हातात घेण्याआधी ती नोंद काढून नव्याने घालणं. कॅलेंडरवर खूण करा, दोन मिनिटांचं काम आहे. कायमचा उपाय जिल्ह्याच्या आयटी कक्षाच्या हातात आहे. धोरण (सगळ्या यंत्रांना एकदम लागू होणारी सेटिंग) लावून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्या कार्यालयांसाठी साइटची एकच यादी बनवून ती धोरणाने लावणं, तिला मुदत नसते. तुमच्याकडे कुठलं पोर्टल जुन्या मोडमध्येच चालतं याची नावं लिहून द्या. ती यादी करणाऱ्या माणसाने तुमचं पोर्टल कधी उघडलेलंही नसतं.

उलटी अडचण विंडोज ७ वर येते. त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. आता नव्याने बांधलेली पोर्टलं त्यावर अर्धवट उघडतात किंवा पांढरं पान दाखवतात. कॅशे पुसा, ब्राउझर परत टाका, काही फरक पडणार नाही. या यंत्रावर मेहनत घालवू नका. विंडोज १० लासुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत. म्हणून यंत्रांची यादी करा: जडवस्तू नोंदवहीतला क्रमांक, खरेदीचं वर्ष, कुठलं विंडोज, त्यावर कुठलं काम अडतं. ‘संगणक जुने झाले आहेत, नवीन मिळावेत’ असं मोघम मागणीपत्र वर्षानुवर्षं फायलीत पडून राहतं. ‘या यंत्रावर अमुक योजनेचे दाखले निघत नाहीत’ असं लिहिलं की त्याचं उत्तर देणं भाग पडतं. निर्लेखन करताना हार्डडिस्क आधी काढून घ्या किंवा पूर्ण पुसून घ्या. तिच्यात लोकांचे उत्पन्नाचे दाखले, बँक खाती, सगळं असतं.

पान उघडतं, पण कॅप्चा दिसत नाही: फिल्टर

हा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड, कारण पोर्टल उघडलेलं असतं. फक्त कॅप्चाच्या जागी रिकामा चौकोन, किंवा ओटीपीचं बटण मुकं, किंवा नकाशाच्या जागी राखाडी पट्टा. कधी सगळं पान रंगरूप हरवून नुसत्या ओळींसारखं दिसतं.

एक पोर्टल म्हणजे एकच पत्ता नसतो. पान एका ठिकाणाहून येतं, अक्षरांचे फॉन्ट दुसरीकडून, कॅप्चा तिसरीकडून, ओटीपी चौथीकडून. कार्यालयाच्या नेटवर्कवर फक्त परवानगी दिलेले पत्तेच खुले असतील, तर पोर्टलचा मुख्य पत्ता यादीत असतो आणि बाकीचे राहून जातात. पोर्टलवाले म्हणतात आमच्याकडे सगळं चालतंय, नेटवर्कवाले म्हणतात आम्ही साइट खुली केली आहे. दोघंही खरं बोलत असतात आणि खिडकीपुढची रांग तशीच उभी राहते.

कुठला पत्ता अडला हे आपल्याला शोधता येतं. त्या पानावर एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा भाग निवडा आणि पान पुन्हा लोड करा. खाली ओळींची रांग लागते. त्यातल्या लाल ओळी म्हणजे अडलेल्या मागण्या. ओळीवर क्लिक केलं की पूर्ण पत्ता दिसतो. तो उतरवून घ्या, बाकीच्या तांत्रिक मजकुराकडे लक्ष देऊ नका. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बारा मिनिटं लागली. आता आमची नवीन लिपिक मुलगी दोन मिनिटांत करते.

काही ठिकाणी फायरवॉल सुरक्षित साइटची वाहतूकही उघडून तपासते. तिथे यंत्रावर कार्यालयाचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारावर बाकीची प्रमाणपत्रं खरी मानली जातात ते) बसवलेलं असावं लागतं, नाहीतर जवळजवळ प्रत्येक साइटवर लाल पान येतं. कुलपाच्या चिन्हावर किंवा इशाऱ्यावर क्लिक करून प्रमाणपत्र कुणी दिलं ते पाहा. तिथे नेहमीच्या प्रमाणपत्र-संस्थेऐवजी फायरवॉलचं नाव असेल तर तक्रार नेटवर्कवाल्यांकडेच करायची. क्रोमवर साइट चालते आणि जुन्या फायरफॉक्सवर चालत नाही असं झालं तरी हाच संशय घ्या, कारण फायरफॉक्स प्रमाणपत्रांचा स्वतःचा वेगळा साठा ठेवतो.

याच बंदीचा एक परिणाम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोज नवी मूळ प्रमाणपत्रं गरजेप्रमाणे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट-सर्व्हरवरून आणतं. सुरक्षिततेसाठी लावलेल्या फिल्टरने तोच पत्ता अडवला तर यंत्र अद्ययावत होत नाही, नव्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवत नाही, आणि वर असुरक्षितही राहतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या खिंडाराची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ती यंत्रं सापडली. अपडेट अडवत असतील तर नेटवर्कच्या आत अपडेटची वेगळी सोय आहे का, हे नक्की विचारा.

बंदीच नको असं माझं म्हणणं अजिबात नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसच्या हल्ल्याने आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका खाजगी टर्मिनलचं काम ठप्प केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअरमुळे (खंडणीखोर व्हायरसमुळे) केसपेपर कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. आपल्या यंत्रांत अख्ख्या तालुक्याच्या लोकांची माहिती आहे, तिला कुंपण हवंच. लोकांच्या कामाची वाट त्या कुंपणातून रीतसर करून घ्यायची, आणि ते आपलंच काम आहे.

म्हणून आडवाट वापरू नका. फोनचा हॉटस्पॉट चालू करून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेल्या यंत्रावर घेणं म्हणजे फायरवॉलच्या मागच्या बाजूला दार उघडं ठेवणं. फुकटची व्हीपीएन एक्स्टेंशनं तर तुमची सगळी वाहतूक परक्या माणसाच्या हाती देतात, पासवर्डासकट. सरकारी कागद खाजगी मेलवरून पाठवू नका. केंद्र सरकारचं ई-मेल धोरण याबाबत स्पष्ट आहे. काम अडलंय म्हणून हे सगळं केलं जातं, त्यामागची तगमग मला कळते. मीही एकदा हॉटस्पॉट लावला आहे. पण बिघाड तसाच राहतो आणि काम होतंय म्हणून तो कुणी नोंदवतही नाही.

डिजिटल सहीचं टोकन दिसत नाही

साहेब सहीला बसले की पोर्टल म्हणतं ‘प्रमाणपत्र सापडले नाही’. इथे टप्प्याटप्प्याने पुढे जायचं. टोकन, म्हणजे सहीचं प्रमाणपत्र ठेवणारा पेनड्राइव्हसारखा तुकडा, डब्याच्या पुढच्या यूएसबीतून काढून मागच्या यूएसबीत लावा. जुन्या यंत्रांत पुढची जोडणी सैल झालेली असते. मग टोकनसोबत आलेला त्याचा स्वतःचा प्रोग्राम उघडा. प्रमाणपत्र तिथे दिसलं तर टोकन चांगलं आहे. त्यानंतर विंडोजच्या प्रमाणपत्रांच्या यादीत पाहा. तिथेही असेल तर दोष पोर्टल आणि टोकन यांच्या मधल्या दुव्यात.

हा दुवा म्हणजे सहीसाठी यंत्रावर बसवलेली छोटी सेवा. ब्राउझर तिच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच यंत्राच्या आत, बोलतो. प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक ज्यातून जाते तो मधला सर्व्हर) लावलेली असेल आणि ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नका’ या चौकोनात खूण नसेल, तर ती मागणी प्रॉक्सीकडे जाऊ शकते आणि तिथेच हरवते. आमच्याकडे दोन महिने सह्या शेजारच्या कार्यालयात जाऊन होत होत्या. उपाय होता ती एक खूण आणि अपवादांच्या यादीत तो पत्ता.

पिन दोनदा चुकली की थांबा. ठराविक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं. मग कुणीतरी ‘इनिशियलाइझ’ दाबायचा सल्ला देतं. तो ऐकू नका, त्याने आतलं प्रमाणपत्र पुसलं जातं आणि सही नव्याने काढावी लागते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरण सुरू करा. अधिकाऱ्यांची बदली झाली की नव्या अधिकाऱ्यांच्या सहीची पोर्टलवर नोंदणी पहिल्याच दिवशी हाती घ्या.

आणि टोकनवर पिन लिहून ते ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याची पद्धत बंद करा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपल्या सहीच्या खाजगी किल्लीचा ताबा जपण्याची जबाबदारी ज्याची सही त्याचीच आहे. उद्या त्या सहीने चुकीचा दाखला निघाला तर अधिकारी आणि ऑपरेटर दोघंही अडकतील. हे साहेबांना सांगायला संकोच वाटतो. मी कलमासकट टिपणी ठेवली, त्यांनी शांतपणे वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून टोकन स्वतःजवळ ठेवायला लागले.

फॉन्ट

थोडक्यात सांगतो. पोर्टलवर चिकटवलेला मजकूर विचित्र चिन्हांत दिसला तर मूळ फाइल युनिकोडच्या (सगळीकडे सारखं दिसणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. ती रूपांतरित करावी लागते आणि त्यानंतर डोळ्यांनी वाचावीच लागते, विशेषतः ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, रफार आणि अनुस्वार असलेली नावं. ‘गोऱ्हे’ आडनावातला ‘ऱ्ह’ तुटला तर माणसाचा दाखला अडतो. लोकांच्या नावांच्या याद्या इंटरनेटवरच्या कुठल्याही रूपांतर-साइटवर टाकू नका, यंत्रावरच चालणारं साधन वापरा. नवं टंकलेखन इनस्क्रिप्ट या युनिकोड कळफलकावर केलंत तर हा प्रश्न पुढे उरतच नाही.

पत्र असं लिहा

फोनवर सांगितलेला बिघाड फोन ठेवला की विसरला जातो. आमची कामं मार्गी लागली ती पत्रांमुळे, आणि पत्रात नेमकी माहिती असल्यामुळे. हा नमुना जसाच्या तसा वापरा:

*विषय: कार्यालयीन पोर्टलसाठी आवश्यक संकेतस्थळ-पत्ते नेटवर्क फिल्टरमध्ये खुले करण्याबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, या कार्यालयात ______ योजनेचे काम ______ या पोर्टलवर चालते. दि. ______ रोजी सकाळी ____ वाजता आयपी क्रमांक ______ असलेल्या संगणकावर सदर पोर्टलचे मुख्य पान उघडले, तथापि कॅप्चा / ओटीपी / सही हा भाग चालला नाही. संगणकाची तारीख, वेळ व कालक्षेत्र तपासले असून ते अचूक आहेत. तेच पान कार्यालयाबाहेरील इंटरनेटवर पूर्ण दिसते. तपासणीत पुढील पत्ते अडवले जात असल्याचे आढळले: ______, ______.*

*या कारणाने आजअखेर ____ नागरिकांची प्रकरणे प्रलंबित आहेत. तरी सदर पत्ते केवळ वरील कामापुरते खुले करण्यात यावेत, अथवा अन्य सुरक्षित पर्याय कळवावा, ही विनंती. पडद्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.*

घड्याळाचं वाक्य वगळू नका. ते असलं की समोरचा पहिलाच प्रश्न विचारून पत्र परत पाठवत नाही. ‘अन्य सुरक्षित पर्याय’ हे शब्दही मुद्दाम आहेत. पत्ता खुला करणं खरोखर धोक्याचं असेल तर त्यांना दुसरी वाट सुचवायला त्यामुळे जागा राहते. प्रलंबित प्रकरणांचा आकडा खरा मोजून लिहा.

पोच घ्या. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या पत्राचा जावक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. पत्ते खुले झाल्याचा निरोप आला की कॅप्चापासून दाखल्याच्या छपाईपर्यंत एक प्रकरण पूर्ण करून पाहा, कारण एखादा पत्ता हमखास राहिलेला असतो. तो त्याच दिवशी कळवला तर नवीन पत्र लागत नाही.